हौदापासून उजवीकडे

पट्टी विद्यापीठात आली त्या पहिल्याच दिवशी तीनदा हरवली. आधी कचेरी शोधताना, मग कचेरीतून बाहेर पडताना आणि तिसऱ्यांदा पाणी प्यायला गेली तेव्हा. तो दिवस विद्यार्थी मंडळांचा होता. जिन्यापासून मैदानापर्यंत टेबलं मांडली होती. बुद्धिबळवाले, नाटकवाले, फोटोवाले, रक्तदानवाले. जो तो हाका मारून मुलं गोळा करत होता. जिन्याखालच्या कोपऱ्यात एक उंच मुलगा एकटाच बसला होता. तो कुणालाच हाक मारत नव्हता. त्याच्यासमोर विद्यापीठाचा हातानं काढलेला नकाशा पसरलेला होता.

"बारा नंबरचा वर्ग कुठे आहे हो?" पट्टीनं विचारलं.

"तू इथे आहेस," तो बोट ठेवून म्हणाला. "आणि वर्ग हा इथे."

पट्टी वर्गात गेलीच नाही. नकाशावर वाकून उभी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अख्खा तास. आपण नेमकं कुठे आहोत हे तिला कुणी इतकं सरळ कधी सांगितलंच नव्हतं. रस्ता विचारायला आली आणि नकाशा मंडळात नाव घालून बसली.

तिची आई शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं आणि कापायचं लांब टेबल. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत आईनं नजरेनंच खांद्याचं माप घेतलेलं असायचं. आईची एक जुनी लाकडी पट्टी लेकीनं उचलली होती. ती तिच्या दप्तरातून हातभर बाहेर डोकवायची आणि बसमध्ये मागच्याच्या नाकाला लागायची. म्हणून पट्टी. मंडळाच्या अध्यक्षाचं नाव काटकोन पडलं होतं, कारण तो इतका उंच होता की टेबलाशी बसला की कमरेत नेमका नव्वद अंशात वाकायचा. तिसरा खोडरबर. तो स्वतः कमी काढायचा आणि दुसऱ्यांचं जास्त खोडायचा. आणखी दोघं होते, ते चहाच्या वेळी यायचे.

मंडळाचे रिवाज मात्र कडक. नकाशात शाई भरण्याआधी तो रस्ता तीनदा चालून यायचा. आणि नकाशा पूर्ण झाला की तो मूळ आराखड्यावर ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचा. मागून उजेड येतो, रेघेवर रेघ बसली की नाही ते दिसतं. पाचही जणांनी काचेपाशी उभं राहून "बसली" म्हणायचं. मगच नकाशा खरा.

पट्टी हे सगळं जीव तोडून करायची. आणि तरीही हरवायची. विद्यापीठाचा नियम होता, मंडळ कसलंही असो, आठवड्यातला एक तास दुसऱ्यांसाठी द्यायचा. बुद्धिबळवाले म्हाताऱ्यांच्या आश्रमात जाऊन डाव मांडायचे. फोटोवाले गरजूंना ओळखपत्राचे फोटो काढून द्यायचे. नकाशावाले फाटकाशी उभे राहून पाहुण्यांना रस्ता दाखवायचे. पट्टीला त्या कामावर एकदाच ठेवलं. तिनं एका पाहुण्या बाईंना सभागृहाऐवजी जनरेटरच्या खोलीत नेऊन सोडलं.

"तू नकाशे काढ," काटकोन म्हणाला. "माणसं नेऊ नकोस."

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, एका सोमवारी, मंडळाच्या खोलीसमोरच्या बाकावर एक माणूस बसलेला तिनं पाहिला. बाह्यांवर पीठ. डोळे तांबारलेले. तो तिथे सकाळी आठपासून होता. दुपारी एकलाही होता.

"काका, कुणाला शोधताय का?" पट्टीनं विचारलं.

"नाही. मुलगी वर्गात आहे. सुटली की घेऊन जायचंय."

मुलगी सुटली. हातात पांढरी काठी, पाठीला दप्तर. जन्मापासून दिसत नव्हतं. पहिल्या वर्षाला होती, भाषा शिकायला आलेली. तिनं काठी पट्टीच्या बुटाला हलकेच टेकवली आणि म्हणाली, "बाबा, हे बूट तुमचे नाहीत."

"माझे आहेत," पट्टी म्हणाली. "मी नकाशा मंडळातली."

"मी टोस्ट," ती म्हणाली. "शाळेतलं नाव. बाबा बेकरीत आहेत ना."

बाबा हसले नाहीत. ते बेकरीत भट्टीवर होते. पहाटे तीनला भट्टी पेटवायची, सकाळी दहापर्यंत घाण्यावर घाणा काढायचा. मुलीला पोचवायला म्हणून त्यांनी रजा घेतली होती. रजा शुक्रवारी संपत होती.

"शुक्रवारी ही फाटकापासून वर्गापर्यंत एकटी गेली तर ठीक," ते पट्टीला म्हणाले, जणू ती कुणी अधिकारी होती. "कुणी हात धरायचा नाही, कुणी हाक मारायची नाही. रोज कोण येणार आहे हात धरायला? नाही जमलं तर शनिवारपासून घरी. घरी बसून परीक्षा देता येते म्हणतात."

"बाबा," टोस्ट म्हणाली.

"बोललोय ना आपण, बाळा."

टोस्टनं काठी दोन्ही हातांत घट्ट धरली. ते पट्टीला बघवलं नाही. आणि मग तिच्या तोंडून जे निघालं ते तिचं तिलाच नंतर आठवत नव्हतं.

"काका, शुक्रवारी ती एकटी जाईल. मी सांगते. आमचं मंडळ तिला नकाशा करून देणार आहे. बोटांनी वाचायचा!"

खोलीच्या दारात उभ्या असलेल्या काटकोनाच्या हातून चहाचा कप सुटता सुटता राहिला.

"बोटांनी वाचायचा?" आत गेल्यावर त्यानं विचारलं. "कधी केलाय आपण असा?"

"नाही."

"कसा करतात माहीत आहे?"

"नाही. पण आजच सोमवार आहे!"

चार दिवस ती धावत होती असं म्हटलं तरी चालेल. मंगळवारी सकाळी ती टोस्टला घेऊन फाटकाशी उभी होती. पावलं मोजायची होती, पण ती टोस्टची. पट्टीची पावलं लांब पडायची. टोस्ट चालत होती, पट्टी मागून लिहीत होती. फाटकापासून सरळ बासष्ट पावलं, मग पाण्याचा गोल हौद. हौदापासून उजवीकडे कुंपणाच्या झुडपांच्या कडेनं पंचेचाळीस पावलं. पाच पायऱ्या. डावीकडचं तिसरं दार. हौदाच्या डावीकडे सायकलींचा तळ. हौदाच्या पुढे ग्रंथालय. ग्रंथालयाच्या मागून एक पायवाट, जी वर्गांच्या मागच्या दाराशी निघते.

"तुम्हीही चालून बघा की डोळे मिटून," टोस्ट म्हणाली. "तुमचा रिवाज आहे ना?"

झालं. मंडळाचे पाचही जण डोळे मिटून निघाले. काटकोनानं झाडाच्या फांदीला कपाळ लावलं. खोडरबर चौसष्ट पावलं गेला आणि हौदात गुडघाभर उतरला.

"दोन पावलं जास्त!" टोस्ट ओरडली. त्याच्या पावलांचे आवाज ती मोजत होती. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

नकाशाला टिंबं कशी उमटवायची, हा प्रश्न आईच्या टेबलाशी सुटला. कापडावर खुणा उमटवायला आईकडे लाकडी मुठीचं दातेरी चाक होतं. जाड कागदाखाली घोंगडीचा तुकडा ठेवून चाक दाबून फिरवलं की पलीकडच्या बाजूला उंच टिंबांची रांग उठायची. पट्टीनं त्यावरून बोट फिरवलं आणि ओरडली, "आई गं!"

"काय झालं? टोचलं?"

"नाही! रस्ता आहे हा! रस्ता लागतोय बोटाला!"

"बरं, रस्ता आहे," आई म्हणाली. "चाक परत आण म्हणजे झालं. दोन ब्लाउज अडलेत माझे."

बुधवारी खोलीत जुंपली. खोडरबरचं म्हणणं होतं की फाटकापासून वर्गापर्यंतचा तेवढा रस्ता ठेवायचा, बाकी सगळं काढून टाकायचं. "एवढ्या गर्दीत तिच्या बोटाचा गोंधळ होईल. जायचंय वर्गात, ग्रंथालयाची मागची बाजू कशाला?"

"कारण ती आहे," पट्टी म्हणाली.

"हे काय उत्तर झालं?"

"रस्ता काय, कुणीही हात धरून दाखवेल. तिला सगळी जागा हवी. आपल्याला असते तशी."

"तुला कधीपासून असते?" खोडरबर म्हणाला. सगळे हसले, पट्टीसुद्धा. पण चाक तिच्याच हातात होतं. तिनं ग्रंथालयाची मागची पायवाटही उमटवली.

टोस्टनं ठिकाणांची नावं ब्रेलमध्ये चिकटपट्ट्यांवर लिहून दिली. कागद उलटा करून पुठ्ठ्यावर डकवायचा, त्यावर पट्ट्या लावायच्या. त्याआधी रिवाजाप्रमाणे नकाशा खिडकीच्या काचेवर चढला. खाली मूळ आराखडा, वर टोचलेला कागद. दुपारचं ऊन टिंबाटिंबातून चमकलं. एकही टिंब हललं नव्हतं.

"बसली," काटकोन म्हणाला. "बसली," खोडरबर म्हणाला. पाचांचं म्हणून झालं. पट्टीनं टुणकन उडी मारली.

गुरुवारी दुपारी तीन वाजता टोस्टनं नकाशा दहा मिनिटं मांडीवर घेऊन वाचला. ओठ हलत होते. मग पुठ्ठा दप्तरात सरकवला आणि निघाली. मंडळ वीस पावलं मागे. बासष्ट पावलं, हौद. काठीनं हौदाचा कठडा चाचपला. मग ती झोकात वळली. डावीकडे.

"उजवीकडे," पट्टी पुटपुटली. "उजवीकडे. अगं, उजवीकडे!"

तोवर काठी पहिल्या सायकलीत गेली होती. पहिली सायकल दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर. अठ्ठावीस सायकली एकामागून एक आडव्या झाल्या. आवाज थांबायलाच तयार नव्हता. टोस्ट मधोमध उभी होती. चेहरा पांढराफटक.

"डावीकडेच आहे," ती म्हणाली. "मंगळवारी उजवीकडे वळले होते, पण तुमच्या नकाशात डावीकडेच आहे. म्हटलं, नकाशा खरा."

पट्टीनं तिच्या दप्तरातून पुठ्ठा ओढूनच काढला. पाहिला. मग डोळे मिटले आणि पहिल्यांदाच त्यावरून बोट फिरवलं. फाटक, हौद, डावीकडे वर्ग. त्यांनी सरळ नकाशा मागून टोचला होता आणि मग कागद उलटवला होता. उलटवल्यावर डावं उजवं झालं, उजवं डावं. पाच जणांनी तो काचेवर धरला, उजेडात तपासला. टोचायच्या बाजूनं, डोळ्यांनी. ज्या बाजूनं तो वाचायचा होता त्या बाजूला कुणी बोट लावलंच नव्हतं. शिंपिणीची मुलगी ती. कापड उलटवल्यावर बाही कुठे जाते हे तिला पाचव्या वर्षापासून माहीत होतं.

"माझी चूक," ती म्हणाली. "मी आत्ता नवा करते. आईकडून चाक आणते. उद्या सकाळपर्यंत..."

"नको," टोस्ट म्हणाली.

"अगं पण सगळं उलटं आहे!"

"सगळंच उलटं आहे ना? की काही उलटं, काही सुलटं?"

"सगळं."

टोस्टचा रंग परत आला. तिनं दप्तरातून लिहायची ब्रेलची पाटी काढली. "हे बघ. आम्ही लिहितो कसं? टोच्यानं मागून टोचतो. उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं. मग कागद पालटतो आणि डावीकडून वाचतो. पहिलीपासून हेच करतेय मी. उलटं सुलटं करायला मला वेळ लागत नाही. उलटं आहे एवढं सांगायला हवं होतंत तुम्ही."

"आम्हालाच माहीत नव्हतं," काटकोन म्हणाला.

"बोटाला हा कागद लागलाय आता," टोस्ट म्हणाली. "नवा दिलात तर मी नक्की चुकेन. हाच दे."

पट्टीनं दिला. मग सगळ्यांनी मिळून अठ्ठावीस सायकली उभ्या केल्या.

शुक्रवारी सकाळी दहाला दहा कमी असताना टोस्ट फाटकाशी उभी होती. बाबांनी स्वच्छ सदरा घातला होता. त्यांच्या हनुवटीवर दाढी करताना कापल्याची ताजी खूण होती.

"कुणी बोलायचं नाही," ते म्हणाले.

"नाही बोलणार, काका," पट्टी म्हणाली, आणि काटकोनानं खबरदारी म्हणून तिच्या दंडाला धरून ठेवलं.

टोस्ट निघाली. एक, दोन, तीन. पट्टीचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. साठ, एकसष्ट, बासष्ट. काठी हौदाला लागली. टोस्ट थांबली. पट्टीनं श्वास रोखला. टोस्ट वळली.

उजवीकडे!

पट्टीनं काटकोनाला इतक्या जोरात चिमटा काढला की तो "आई" म्हणाला आणि बाबांनी मागे वळून पाहिलं. झुडपांच्या कडेनं टोस्ट चालली होती, मान ताठ, काठी डावी-उजवी. पंधरा पावलं. वीस. आणि मग पट्टीला पुढचं दिसलं. दिसायलाच नको होतं.

नाटक मंडळानं नेपथ्याच्या चौकटी रंगवल्या होत्या आणि वाळायला वाटेतच उभ्या केल्या होत्या. झुडपांपासून भिंतीपर्यंत. सातच्या सात, निळ्या, पुरुषभर उंच. काल तिथे काही नव्हतं. नकाशात तर नव्हतंच.

काठी लाकडावर आपटली. टोस्टनं हात पुढे केला. तळवा ओल्या रंगात बुडाला. तिनं तो नाकाशी नेला, वास घेतला. डावीकडे चाचपलं, चौकट. उजवीकडे, चौकट.

बाबा पुढे सरले. पट्टीनं त्यांची बाही धरली. काही बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून तिनं नुसती मान हलवली. जोरजोरात.

टोस्टनं दप्तर पुढे घेतलं, पुठ्ठा काढला आणि उभ्याउभ्याच वाचायला लागली. बराच वेळ. मग पुठ्ठा काखेत मारला, पाठ फिरवली आणि परत हौदाकडे आली. त्या सगळ्यांच्या अगदी जवळून गेली. हौदाशी थांबली आणि उजवीकडे वळून ग्रंथालयाच्या दिशेनं निघाली.

"कुठे चाललीय ही?" बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "वर्ग तिकडे नाही. चुकली. चुकली ती."

तेवढ्यात ग्रंथालयाच्या दारातून मुलांचा लोंढा बाहेर पडला. पन्नास-साठ जण, दप्तरं, छत्र्या, गलका. लोंढा ओसरला तेव्हा समोर कुणीच नव्हतं.

"कुठे गेली?"

पट्टी काय सांगणार? ग्रंथालयाच्या मागे काय आहे हे आठवायला तिला अजून नकाशा लागायचा, आणि तो टोस्टच्या काखेत होता. बाबा धावत सुटले. पट्टी त्यांच्या मागे. ग्रंथालयाच्या कोपऱ्याशी येऊन ते गर्रकन इकडे तिकडे वळले, जोरात हाक मारायला तोंड उघडलं.

"काका, थांबा!" पट्टी ओरडली. "भिंत बघा!"

पांढऱ्या भिंतीवर कमरेच्या उंचीला चार निळ्या बोटांची ओळ होती. आडवी, सरळ, न थांबता पुढे गेलेली. खिडकीच्या चौकटीवरून, पाण्याच्या पाइपावरून. ती कोपऱ्यावर वळली होती. ते दोघंही वळले. निळा रंग फिका होत गेला, पण तुटला नाही. भिंत संपली तिथे बोटांनी क्षणभर थांबून एक मोठा ठिपका केला होता. पुढे पायवाट. वर्गांचं मागचं दार. दाराच्या कडीला निळा अंगठा.

बाबा चालत होते. आता ते धावत नव्हते. एका एका ठशापाशी क्षणभर थांबत होते.

वर्गाच्या खिडकीतून टोस्ट दिसली. दुसऱ्या बाकावर. रुमालानं तळवा पुसत होती, आणि शेजारच्या मुलीला विचारत होती, "कुठला रंग आहे गं? निळा? कसला निळा, आकाशी की शाईसारखा?"

"शाईसारखा. अगं, कपाळालाही लागलाय तुझ्या."

दहाची घंटा झाली. सर आत आले.

पट्टीला ओरडायचं होतं, नाचायचं होतं. काटकोन आणि खोडरबर धापा टाकत येऊन पोचले होते. खोडरबर भिंतीकडे बघत होता.

"मागची वाट," तो म्हणाला. "बरं झालं, मी खोडली नाही."

"तू खोडणारच होतास!"

"होतो," तो म्हणाला. "बरं झालं म्हणतोय ना!"

बाबा खिडकीपासून हलले नव्हते. आत सर काहीतरी विचारत होते आणि टोस्टचा हात वर होता, निळा, सगळ्यांत आधी. बाबांनी खिशातून फोन काढला. त्यांच्या बोटाला बटण सापडेना. पट्टीनं लावून दिला.

"मी बोलतोय," ते फोनमध्ये म्हणाले. "हो, उद्या येतो. तीनला. भट्टी दुसऱ्या कुणाला देऊ नका." पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"ती?" ते म्हणाले. "ती कॉलेजात आहे."